कासवाचे डोळे सुजलेत? ड्रॉप घालण्याआधी टाकीकडे बघा

आमचा ढमा घरी आला तेव्हा पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा जेमतेम मोठा होता. भाच्याच्या वाढदिवसाला कुणीतरी दिलेला. सोबत प्लास्टिकचं भांडं, त्यात प्लास्टिकचंच नारळाचं झाड आणि सुक्या कोळंबीची डबी. दुकानदारानं सांगितलं होतं, "रोज चार दाणे टाका, आठवड्यानं पाणी बदला, बास." चार-पाच महिन्यांनी एका सकाळी ढम्याच्या डोळ्यांच्या जागी दोन फुगीर गाठी दिसल्या, आतलं काळं बुबुळ कुठेच दिसेना. बहिणीचा फोन आला, "ताई, कासवाचे डोळे आलेत, कुठले ड्रॉप घालू?"

डोळे आले नव्हते. माणसाचे येतात तसे कासवाचे साथीनं येत नाहीत. पाळीव कासवाचा डोळा बिघडतो तो बहुतेक वेळा पाणी, ऊब, उजेड किंवा खाणं यांतलं काहीतरी महिनोन्‌महिने चुकल्यामुळे. त्यामुळे नुसते ड्रॉप घातले तर चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. हा लेख पहिल्यांदाच कासव पाळणाऱ्यांसाठी, आणि तोही मुख्यतः लाल कानाच्या कासवासाठी, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडरसाठी. आपल्याकडे मासेवाल्यांच्या दुकानात मिळतं ते जवळजवळ नेहमी हेच असतं: डोळ्यामागे लाल पट्टा, हिरवी पाठ.

तुमच्याकडचं कासव पिवळ्या चांदण्यांच्या नक्षीचं, कोरड्यात राहणारं असेल, किंवा विहिरीत-ओढ्यात सापडलेलं असेल, तर आधी हे वाचा. स्टार कासव आणि आपल्याकडची बहुतेक देशी कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ती घरात ठेवणं गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. अशा कासवाचा डोळा सुजलेला दिसला तर घरगुती उपचार करत बसू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

आधी खात्री करा: खरंच काही बिघडलंय का?

कासव डोळे मिटून बसलंय म्हणजे आजारीच आहे असं नाही. उन्हाच्या दिव्याखाली पाय ताणून, मान लांब करून डोळे मिटलेलं कासव मजेत असतं. टाकीच्या काचेवर हलकी टिचकी मारा किंवा जवळ सावली पाडा. निरोगी कासव लगेच डोळे उघडतं आणि बहुधा धप्पकन पाण्यात उडी मारतं. कधी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक पातळ पडदा सरकताना दिसतो. तो तिसऱ्या पापणीचा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जमिनीवर असताना गालावर थोडं पाणी ओघळलं तरी लगेच काळजी नको. आपल्या डोळ्यातलं पाणी नाकात उतरायला नळी असते, कासवाला ती नसते. जास्तीचं पाणी बाहेरच येणार.

काळजीचं काय, ते असं: पापणी फुगलेली, डोळा टिचकीनंही न उघडणारा, कडांना चिपडं किंवा पिवळट-पांढरा थर, बुबुळावर दुधाळ डाग, पुढच्या पायानं डोळा सारखा चोळणं. आणि सगळ्यात मोठी खूण, खाणं सोडणं. पाण्यातलं कासव खाणं शोधतं ते मुख्यतः डोळ्यांनी. डोळा मिटला की खाणं बंद. खाणं बंद की अशक्तपणा, आणि अशक्तपणात डोळा आणखी बिघडतो. म्हणूनच "बघू दोन आठवडे" हे इथे चालत नाही.

एक डोळा की दोन्ही?

हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारते. दोन्ही डोळे एकदम सुजले असतील तर संशय खाण्यावर, पाण्यावर किंवा दिव्यावर घ्यायचा. एकच डोळा असेल तर मार, ओरखडा, वाळूचा कण, नाहीतर दुसऱ्या कासवाचा चावा. एका टाकीत दोन कासवं असतील तर लगेच वेगळी करा. "त्यांची छान मैत्री आहे" असं मला फार लोकांनी सांगितलंय. एकावर दुसरं चढून बसलंय ती मैत्री नसते, दिव्याखालची जागा बळकावलेली असते.

सूज डोळ्यावर आहे की डोळ्याच्या मागे, हेही नीट बघा. लाल पट्टा आहे त्या भागात कानाचा पडदा असतो. तिथे वाटाण्यासारखा टणक फुगवटा आला असेल तर ते कानातलं गळू. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू वाहता नसतो, पनीरसारखा घट्ट असतो. तो औषधानं विरघळत नाही, डॉक्टरांना छोटा छेद देऊन काढावा लागतो. घरी दाबून बघण्याचा मोह टाळा.

पुढच्यापैकी एक जरी दिसलं तरी बाकीचा लेख नंतर वाचा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा:

- तोंड उघडून श्वास घेणं, नाकातून बुडबुडे, किंवा पाण्यात एका अंगावर कलून तरंगणं. ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणं आहेत.
- डोळ्यातून रक्त, किंवा बुबुळावर खोल ओरखडा.
- मान आणि पाय गळून पडलेले, हातात घेतलं तरी काही विरोध नाही.

आज रात्रीच करायचं काम: पाणी

टाकीत नाक घालून वास घ्या. वास येत असेल तर त्या पाण्यात कासवाचे डोळे दिवसभर उघडे असतात हे लक्षात घ्या. कासवाची विष्ठा आणि कुजलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो आणि तो डोळ्यांना झोंबतो. पाणी नितळ दिसतंय म्हणजे स्वच्छ आहे असं नाही, कारण अमोनियाला रंग नसतो. अॅक्वेरियमच्या दुकानात टेस्ट किट मिळतं. त्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत.

निम्मं पाणी आज बदला, राहिलेल्यातलं निम्मं उद्या. नवीन पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं, किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घातलेलं. हीटर असेल तर पाणी उपसण्याआधी बंद करा. उघडा पडलेला तापलेला हीटर गार पाणी लागताच तडकतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. अमोनिया खाणारे उपयोगी जिवाणू त्यात राहतात आणि नळाच्या क्लोरीननं ते मरतात.

डोळे मिटलेल्या कासवासाठी पाण्याची उंचीही कमी करायची. मान वर केली की नाक सहज बाहेर येईल इतकंच पाणी ठेवा. कासव पोहणारं असलं तरी अशक्त, आंधळं झालेलं कासव बुडू शकतं.

दुकानात तुम्हाला निळं औषध देतील. माशाला काहीही झालं तरी देतात तेच. ते घेऊ नका.

कायमचा उपाय म्हणजे मोठी टाकी. ढोबळ हिशेब असा की कवचाच्या दर इंचाला ४० लिटर पाणी. म्हणजे चार इंची कासवाला १६० लिटर. हा आकडा ऐकून लोक माझ्याकडे असे बघतात की जणू मी त्यांना स्विमिंग पूल बांधायला सांगितलाय. पण नारळाच्या झाडाच्या त्या भांड्यात लिटरभर पाणी असतं आणि ते एका दिवसात नासतं. शिवाय हे कासव नीट सांभाळलं तर २०-३० वर्षं जगतं. मादी फूटभर होते.

ऊब

कासव स्वतःचं अंग तापवू शकत नाही. पाणी गार असेल तर पचन मंदावतं आणि रोगाशी लढण्याची ताकदही. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुणे, नागपूरकडे पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, आणि डोळ्यांच्या तक्रारी माझ्याकडे सगळ्यात जास्त तेव्हाच येतात. साधा थर्मामीटर टाकीत चिकटवा. मोठ्या कासवाला पाणी २४ ते २६ अंश, पिल्लाला आणि आजारी कासवाला २७-२८. वर येऊन बसायची कोरडी जागा ३० ते ३४ अंश. ही जागा पूर्ण कोरडी हवी, पाण्यात अर्धा बुडालेला दगड नको. तिच्यावर जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन चालतो. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही.

उजेड: इथे दोन्ही बाजूंनी चूक होते

यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, नसतील तर कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कवच मऊ पडतं. हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून ते टाकी खिडकीत ठेवतात. पण खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ अडवूनच टाकते. वर काचेच्या टाकीतलं पाणी उन्हात तापून कासव शिजायची वेळ येते.

उलट चूक म्हणजे नको इतका जवळचा दिवा. नवीन यूव्हीबी बल्ब लावला आणि एक-दोन दिवसांत दोन्ही डोळे सुजून मिटले, तर आधी तो बल्ब बंद करा. वेल्डिंगकडे चष्म्याशिवाय बघितल्यावर माणसाचे डोळे होतात, तसलाच हा प्रकार. वेळीच लक्षात आलं तर बहुधा काही दिवसांत डोळे उघडतात. नाही उघडले तर डॉक्टर. पुन्हा लावताना बॉक्सवर लिहिलेलं अंतर पाळा आणि दिवा नेहमी डोक्यावर लावा, बाजूला नाही. कासवाच्या डोळ्यावरचा उंचवटा छज्जासारखा असतो, वरून येणारा उजेड तो अडवतो. बाजूनं येणारा थेट डोळ्यात शिरतो.

दिवा परवडत नसेल तर सकाळच्या कोवळ्या उन्हात १५-२० मिनिटं, बाल्कनीत प्लास्टिकच्या घमेल्यात, अर्धी सावली आणि थोडं पाणी ठेवून बसवा. पण तुम्हीही तिथेच बसा. पिल्लू उचलायला कावळ्याला दोन सेकंद पुरतात.

खाणं: ढम्याचं दुखणं इथे होतं

अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या अंगात अ जीवनसत्त्वाचा थोडा साठा असतो. तो काही महिने पुरतो. त्या काळात नुसती सुकी कोळंबी खाऊनही पिल्लू तरतरीत दिसतं आणि आपल्याला वाटतं, चाललंय की छान. साठा संपला की डोळ्याभोवतीच्या अश्रुग्रंथींची आतली नाजूक त्वचा जाड, कोरडी होऊ लागते. ग्रंथी तुंबतात, पापण्या फुगतात, पापणीखाली मेलेल्या पेशींचा पांढरा गोळा साठतो. मग त्यात जिवाणू शिरतात. म्हणजे डोळ्यात दिसणारा संसर्ग खरा असतो, पण तो नंतर आलेला पाहुणा. दार आधीच उघडं होतं. सुकी कोळंबी, चिकनचे तुकडे, काकडी, पोळी-भात यांवर वाढलेल्या पिल्लांमध्ये हे हटकून दिसतं.

मुख्य खाणं म्हणजे कासवांसाठीच्या चांगल्या पेलेट्स, म्हणजे तयार खाण्याचे दाणे. डबी उघडल्यावर वर्ष-वर्ष पुरवू नका, जीवनसत्त्वं उडतात. मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. त्याच्या जोडीला लाल माठ, मेथी, शेवग्याचा पाला, रताळ्याची पानं, किसलेलं गाजर, लाल भोपळा. पालक कधीतरीच, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. पिल्लांना गांडूळ, छोटे मासे अधूनमधून. कासव मोठं होत जाईल तसा पाला वाढवत न्यायचा, प्रौढाला निम्म्याहून जास्त. सुरुवातीला ते भाजीकडे ढुंकून बघणार नाही. ढम्यानं लाल माठाला तीन आठवडे नकार दिला. मग एके दिवशी पेलेटच्या भिजवणीत बुडवलेलं पान ओढून नेलं, आणि आता भाजीवाल्याची पिशवी दिसली तरी काचेवर डोकं आपटतो.

हे वाचून कुणी अ जीवनसत्त्वाची गोळी फोडून पाण्यात टाकेल, किंवा माणसाचं इंजेक्शन आणून टोचेल, म्हणून स्पष्ट लिहिते: करू नका. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं. जास्त झालं तर कासवाची कातडी सोलून निघते, खालचं लाल मांस उघडं पडतं. डोस वजनावर, ग्रॅममध्ये ठरतो आणि तो डॉक्टरांनीच द्यायचा.

डॉक्टरांकडे जाताना

सगळे जनावरांचे डॉक्टर कासवं बघत नाहीत. आधी फोन करून विचारा, "तुम्ही एक्झॉटिक बघता का? कासव आहे." एक्झॉटिक म्हणजे कुत्र्या-मांजरांपलीकडचे पाळीव प्राणी. नाही म्हणाले तर त्यांनाच विचारा की कोण बघतं.

कासवाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ओलसर टॉवेलवर ठेवा. डब्यात पाणी नको, रिक्षाच्या गचक्यांत ते नाकातोंडात जातं. मोबाइलवर टाकीचा, दिव्याचा आणि खाण्याच्या डबीवरच्या लेबलचा फोटो घ्या, छोट्या बाटलीत टाकीतलं पाणी घ्या. आणि वजन, ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर नको. कासवाच्या अंगावर साल्मोनेला, म्हणजे माणसाला जुलाब आणि ताप आणणारे जिवाणू, असू शकतात, कासव निरोगी दिसलं तरी. याच कारणानं अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासव पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, लहान मुलं ती तोंडात घालत. तेव्हा कासवाचा काटा वेगळा, बादली वेगळी, भांडी घासायच्या सिंकमध्ये टाकी धुवायची नाही, आणि हाताळल्यावर साबणानं हात.

ढम्याच्या वेळी डॉक्टरांनी आधी डोळ्यात पिवळं-हिरवं रंगद्रव्य घालून निळ्या दिव्यात बघितलं. बुबुळावर ओरखडा असेल तर तो चमकतो. नव्हता. मग सलाइनची बारीक धार पापणीखाली सोडत, बोथट चिमट्यानं आतलं काढलं. तांदळाच्या कणीएवढा पांढरा गोळा निघाला, पनीरच्या चुऱ्यासारखा, आणि त्याखाली डोळा शाबूत होता. माझा भाचा म्हणाला, "अरे, हा आत होता!"

हे घरी टाचणीनं, टूथपिकनं किंवा कानकाडीनं करायचा प्रयत्न करू नका. गुलाबपाणी, मध, हळद, धण्याचं पाणी, तुरटी, यातलंही काही नको. घरातले जुने ड्रॉप तर मुळीच नकोत. लेबलवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे, आणि बुबुळावर जखम असताना ते डोळा कायमचा घालवू शकतं. डॉक्टरांपर्यंत पोचायला एक-दोन दिवस लागणार असतील तर मेडिकलमधलं साधं नॉर्मल सलाइन, ०.९ टक्क्यांचं, कोमट करून दिवसातून दोनदा डोळ्यावर सोडणं एवढंच करा.

थेंब कसे घालायचे

डॉक्टर "दिवसातून तीन वेळा" म्हणतात आणि खरी परीक्षा घरी सुरू होते, कारण कासव डोकं आत ओढून बसतं. टेबलावर टॉवेल पसरा. कासवाला कडेनं, मागच्या पायांच्या पुढे, अंगठा वर आणि बोटं खाली असं धरा. उलटं करू नका. पुढून बाटली आणली तर डोकं आत जाणारच. म्हणून मागून, डोक्यावरून आणा. मागचा भाग किंचित वर उचलला, डोकं टॉवेलकडे झुकेल असा, की बरीच कासवं मान बाहेर काढतात. डोळा मिटलेला असला तरी चालेल: थेंब पापणीच्या फटीवर सोडा आणि थांबा. दोन-तीन सेकंदांत ते डोळा मिचकावतं आणि औषध आत जातं. बाटलीचं टोक डोळ्याला टेकवू नका.

घातल्यावर लगेच पाण्यात सोडलं तर औषध टाकीत जातं. अर्धा ते एक तास कोरड्या, उबदार डब्यात ठेवा. खायला घालायचं ते पाण्यात परत सोडल्यावर, पाण्याबाहेर या कासवाला गिळता येत नाही. डोळे मिटलेले असतानाही चिमट्यानं ओलं, वासाचं खाणं नाकासमोर हलवून बघा, कधी कधी वासानं तोंड उघडतं. जबरदस्तीनं तोंड उघडून भरवू नका. चार-पाच दिवस काहीच गेलं नाही तर डॉक्टर नळीनं भरवतील.

त्यानंतरचे आठवडे

अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतून डोळे पूर्ण उघडायला आठवडे लागतात, दिवस नाही. आधी पापणीची सूज उतरते, मग फट दिसते, मग एका डोळ्यानं तिरकं बघणं. दर रविवारी वजन लिहा आणि त्याच जागेवरून, त्याच उजेडात फोटो काढा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो. डोळा उघडला म्हणून ड्रॉप स्वतःच्या मनानं थांबवू नका. कासव स्वतःहून खाणं पकडायला लागलं की पाण्याची उंची रोज दोन-दोन बोटं वाढवा.

आणि हा सगळा व्याप झेपत नाहीये असं वाटलं तर कासव तलावात किंवा नदीत सोडून पुण्य मिळवायला जाऊ नका. स्लायडर इथलं नाही. देशी कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा दोन्ही ते बळकावतं. सांभाळणारं दुसरं घर किंवा प्राण्यांसाठी काम करणारी संस्था शोधा.

यूव्हीबी बल्ब आणाल त्या दिवशीच त्याच्या बुडावर मार्करनं तारीख लिहा. सहा महिने ते वर्षभरात त्यातले किरण कमी होतात, पण उजेड तसाच दिसत राहतो. आमच्याकडे ती तारीख आता भाचा लिहितो, खाली ढम्याचं वजनही. परवाचं आहे ४१२ ग्रॅम.